सटवाईचा लेख आणि केसपेपर

मूल जन्मले की पाचव्या किंवा सहाव्या रात्री आपल्याकडे सटवाई पुजतात. पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर जपायचा. मध्यरात्री केव्हातरी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. हा लेख कोणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला या प्रथेत पुष्कळ काही सापडेल. मला तिची आठवण वेगळ्या कारणाने होते. ज्या मुलाला जन्माच्या वेळी इजा झाली, त्याच्या घरात पुढे कित्येक वर्षे एक वाक्य ऐकू येत राहते : “सटवाईनं लिहिलं ते लिहिलं.” आणि हल्ली त्याच घरात, बहुधा त्याच दिवशी, दुसरेही वाक्य ऐकू येते : “डॉक्टरांनीच घोळ घातला. सोडू नका त्यांना.”

दोन्ही वाक्ये बोलायला सोपी आहेत. दोहोंतले खरे कोणते, हे ठरवायला मात्र एक तिसराच कागद लागतो. तो कोरा नसतो. कळा केव्हा सुरू झाल्या, बाळाचे ठोके किती होते, डॉक्टर केव्हा आले, बाळ केव्हा रडले, हे सारे त्यावर मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेले असते, निदान असायला हवे. त्याला आपण केसपेपर म्हणतो. तो मागता येतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. तृतीय वर्षाला मानसशास्त्र शिकते. माझ्या ताईच्या मुलामुळे गेली तीन वर्षे या विषयाशी संबंध आला, त्यासाठी वाचावे लागले, माहितगारांना विचारावे लागले. ते सारे एके ठिकाणी मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम हे सांगायला हवे की जन्माच्या वेळी झालेली प्रत्येक इजा गंभीर नसते. बाळाच्या डोक्यावर मऊ सूज असते, कधी एका बाजूला टेंगूळ येते. आजी ते चोळून बसवायला निघतात. चोळू नये. सूज दोन-तीन दिवसांत जाते आणि टेंगूळ काही आठवड्यांत आपोआप विरते. गळ्याजवळचे हाड मोडले तरी तान्ह्या मुलाचे ते लवकर सांधते. ओढाताणीत चेहऱ्याचा मज्जातंतू दबला तर रडताना तोंड वाकडे होते. तेही बहुतेक वेळा सुधारते.

हाताचे तसे नाही. मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची एक जुडी असते. बाळंतपणात डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकला, म्हणजे ही जुडी ताणली जाते, कधी तुटते. मग हात लुळा पडतो. आत वळून अंगाशी लोंबतो. जर्मन वैद्य एर्ब यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ठाऊक असेल, पण ते या नावाने नव्हे. पहिल्या महायुद्धातला जर्मनीचा कैसर दुसरा विल्यम हा व्हिक्टोरिया राणीचा नातू. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनच्या राजवाड्यात तो जन्मला, तो उलटा, म्हणजे आपल्याकडे पायाळू म्हणतात तशातला. त्याचा डावा हात जन्मभर आखूड आणि दुबळा राहिला. त्याची छायाचित्रे पाहा : डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकलेला, नाहीतर हातमोजा धरून बसलेला, नाहीतर अंगरख्याच्या खिशात. युरोपातल्या त्या काळच्या सर्वांत बड्या घराण्यांपैकी एकात, निष्णात डॉक्टरांच्या देखत ही इजा झाली. पैसा आणि हुद्दा असला की बाळंतपण निर्धोक होते, हा समज येथेच टिकत नाही.

ताईच्या मुलाचा उजवा हात असाच गेला. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात पहाटे तो जन्मला. वजन चार किलो शंभर ग्रॅम. घरी आल्यावर आईच्या लक्षात आले की मूल एकच हात हलवते. दवाखान्यात विचारले तर “होईल आपोआप” एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर अगदी खोटे नव्हते, कारण अशी बहुतेक मुले पहिल्या काही महिन्यांत खरोखरच सुधारतात. पण ते अर्धे उत्तर होते. उरलेले अर्धे आम्हांला जिल्ह्याच्या गावच्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले : “तीन महिने वाट पाहा, व्यायाम चुकवू नका. पण तीन महिन्यांत कोपर स्वतःच्या ताकदीनं वाकलं नाही, तर एक दिवसही थांबू नका.” कोपर वाकले नाही. सहाव्या महिन्यात पुण्याला शस्त्रक्रिया झाली. पायातला मज्जातंतू काढून मानेत जोडला. मज्जातंतू हळूहळू वाढतात आणि दरम्यान स्नायू वाळत जातात, म्हणून ही शस्त्रक्रिया पहिल्या वर्षाच्या आतच करावी लागते. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन गेलेल्या आईबापांना डॉक्टर काय सांगतात, ते मी त्या वॉर्डात ऐकले आहे. आमचा भाचा आता बालवाडीत जातो. उजवा हात खांद्यापर्यंत वर नेतो, त्यापुढे नाही. घास डाव्या हाताने घेतो, आणि आजी अजून त्याला “उजव्या हातानं जेव” म्हणते.

या काळात दाजी एकाच गोष्टीने पेटले होते : दावा लावायचा. त्यांच्याबरोबर कागद आणायला मी गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारले, “कागद कशाला पाहिजेत तुम्हांला? मूल तर घरी गेलंय ना?” आम्ही लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोच घेतली, आणि तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. हा काही त्यांचा उपकार नव्हता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टराने आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायची असतात. सरकारी रुग्णालय असेल तर याखेरीज २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. अर्ज तोंडी करू नये आणि पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये.

ते कागद आम्ही दोन वेगळ्या गावच्या दोन डॉक्टरांना दाखवले. दोघांनीही एकच पान काढले. डोके बाहेर आल्याची वेळ चार वाजून बारा मिनिटे, अंग बाहेर आल्याची चार पंधरा. या तीन मिनिटांत काय केले ते क्रमाने लिहिलेले होते : ताईच्या मांड्या पोटाशी दुमडल्या, ओटीपोटाच्या हाडाच्या वर बाजूने दाब दिला, मग बाळाचा मागचा हात सोडवला. पोटाच्या वरच्या भागावर जोराने दाबले असते तर ती चूक ठरली असती. तसे केलेले नव्हते. ताईची साखर गरोदरपणी तपासलेली होती आणि ती ठीक होती. वाढलेली साखर हे बाळ मोठे होण्याचे एक मुख्य कारण असते, म्हणून हा प्रश्न दोघांनीही आधी विचारला. सोनोग्राफीत अंदाजलेले वजन प्रत्यक्षापेक्षा कमी निघाले होते, पण असा फरक नेहमी पडतो. खांदा अडकणे बहुतेक वेळा आधी कळत नाही, आणि अडकल्यावर हाती असतात ती मोजकी मिनिटे. त्यांत मूल गुदमरले असते. दोन्ही डॉक्टरांचे मत एकच पडले की त्यांनी हात गमावला असेल, पण मूल वाचवले. दावा लागला नाही. दाजींना हे पटले असे मी म्हणणार नाही. ते आजही त्या दवाखान्यावरून जाताना मोटारसायकलचा वेग वाढवतात.

हाताची इजा डोळ्यांना दिसते. मेंदूची दिसत नाही, आणि खरे दुःख तेथेच आहे. बाळ जन्मले की पहिल्या मिनिटात त्याने श्वास घेतला पाहिजे. बहुतेक मुले स्वतःच रडतात. काहींना कोरडे करून, पाठ चोळून जागे करावे लागते. थोड्यांना मास्क लावून फुग्याने छातीत हवा भरावी लागते. एवढे करणारे शिकलेले माणूस आणि शंभरदा तपासलेला तो फुगा त्या खोलीत असणे, यावर एका आयुष्याचे पुढचे सारे अवलंबून असते. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ साली बाळाची स्थिती मोजण्याची एक साधी रीत काढली आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, चिमट्याला प्रतिसाद आणि अंगाचा रंग, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. पहिल्या मिनिटाला एकदा आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा. सात किंवा अधिक गुण म्हणजे बाळ ठीक. केसपेपरवर ‘ॲपगार ३, ८’ असे दिसले तर त्याचा अर्थ मूल प्रथम मंद होते, पण लगेच सावरले. दोन्ही आकडे कमी असतील, किंवा त्यांची जागाच रिकामी असेल, तर प्रश्न विचारायला हवेत. मात्र नुसत्या या गुणांवरून मुलाची पुढची बुद्धी ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपण परीक्षेच्या गुणांना जितके महत्त्व देतो तितके ॲपगारबाईंनीही आपल्या गुणांना दिले नव्हते.

मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने पुढे जो विकार होऊ शकतो त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मराठीत मेंदूचा पक्षाघात. इंग्लंडच्या लिटल या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा संबंध अवघड बाळंतपणाशी लावला आणि जगाने ते मान्य केले. त्याला हरकत घेणारा माणूस आम्हां मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. स्वप्नांचा अर्थ लावण्याआधी सिग्मंड फ्रॉइड मज्जासंस्थेचे डॉक्टर होते, आणि १८९७ साली मुलांच्या पक्षाघातावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी शंका काढली की, बाळंतपण अवघड झाले म्हणून मेंदू बिघडला असे आपण म्हणतो, पण मेंदू गर्भातच बिघडलेला असल्यामुळे बाळंतपण अवघड झाले असेल तर? कारण कोणते आणि लक्षण कोणते? पुढे जवळजवळ शतकभर ही शंका बाजूला पडली. गर्भाचे ठोके सतत टिपणारी यंत्रे प्रगत देशांत आली, सिझेरियनची संख्या वाढली. तरी मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण हजारी दोनच्या आसपासच राहिले. तिकडच्या अभ्यासांत अशा दहा मुलांपैकी साधारण एकाच्याच बाबतीत बाळंतपणातला गुदमरा हे कारण निघते. इतरांचे मूळ गर्भारपणातील संसर्ग, अपुरे दिवस, मेंदूची मूळ घडण अशा ठिकाणी असते. आपल्याकडे गुदमरलेल्या मुलांचा वाटा जास्त आहे. म्हणून एखाद्या मुलाला हा विकार आहे एवढ्यावरून दोष कोणाचाच सिद्ध होत नाही, आणि कोणी निर्दोषही ठरत नाही.

याच संदर्भात एक ताजा धडा सांगण्याजोगा आहे. गुदमरलेल्या बाळाचे अंग तीन दिवस थंड ठेवले तर मेंदूची हानी कमी होते, असे श्रीमंत देशांत दिसून आले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथे हाच उपचार पद्धतशीर तपासला गेला आणि २०२१ साली निष्कर्ष आला की, आपल्या रुग्णालयांतल्या मुलांत त्याने फायदा तर झाला नाहीच, उलट मृत्यू वाढले. ‘परदेशात करतात ते येथे का केले नाही’, हा प्रश्न नेहमीच बरोबर असतो असे नाही.

ज्या हानीबद्दल खरोखर राग यावा अशी एक कावीळ आहे. तान्ह्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ होतेच आणि ती उतरते. पण पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर ते द्रव्य मेंदूत शिरू शकते. मग ऐकू येणे जाते, हातपाय वेडेवाकडे होतात, आणि ते परतत नाही. उपाय निळ्या दिव्याखाली ठेवणे इतका साधा आहे. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयाच्या वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. १९५६ च्या सुमारास त्यांनी डॉक्टरांना दाखवले की जेवढ्या अंगावर ऊन पडले तेवढा भाग कमी पिवळा आहे. त्यातून हा उपचार निघाला. आपल्या आज्याही बाळाला कोवळ्या उन्हात धरतात. निरीक्षण चुकीचे नव्हते, पण वाढलेल्या काविळीला ते ऊन पुरत नाही, आणि त्यात जाणारे दोन दिवस घातक ठरतात. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. काही मुलांच्या रक्तातल्या जन्मजात उणिवेमुळे त्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ भडकते. मध, गुटी, नाळेवर तेल-हळद, चीक पिळून टाकून देणे, जन्मल्याबरोबर आंघोळ, यांबद्दल आशाताई गावोगाव सांगतातच. पुन्हा लिहीत नाही.

यासाठी मोठेच रुग्णालय हवे असे मात्र नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवले : बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास चालू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. १९९३ ते १९९५ या काळात तेथे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या घरात आला. १९९९ साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या आरोग्यधोरणात उतरले. अर्धवट शिकलेली गावची बाई जे करू शकते ते घडले नाही, तर तेथे सटवाईचे नाव घेण्याला जागा उरत नाही.

आता कायद्याकडे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्या हाडीमासी खिळलेले आहे, आणि दोन खटले पाहिले तर ते का, हे कळते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि पोटदुखी हटेना. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. त्याच महिन्यात ती गेली. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते फिरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पुन्हा बहाल केले. ज्या मुलाला जन्म देऊन ती गेली ते तोपर्यंत बत्तीस वर्षांचे झाले असणार. पण त्या निकालाने एक गोष्ट पक्की केली : सरकारी दवाखान्यातल्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारला करावी लागते.

दुसरा खटला चेन्नईचा. १९९६ साली तेथील सरकारी रुग्णालयात एक मुलगी २९ व्या आठवड्यातच जन्मली. वजन साडेबाराशे ग्रॅम. ती जगली. पण अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि वेळीच तपासले नाही तर अंधत्व येते. ही तपासणी करा असे कोणी तिच्या आईबापांना सांगितलेच नाही. ती आंधळी झाली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये देण्याचा हुकूम केला. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो तो रकमेसाठी नव्हे. डॉक्टरांनी काही वाईट केले नव्हते. जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही, हाच दोष धरला गेला. ज्यांच्या घरी दोन किलोंपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांपूर्वीचे मूल आले आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, महिन्याच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच लहान मूल असेल तर त्याहून आधी.

निष्काळजीपणा ठरतो कशावरून? १९५७ सालच्या इंग्लंडमधल्या बोलम खटल्याची कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात मान्य केली. त्या शाखेतला सामान्य, जाणता डॉक्टर त्याच परिस्थितीत जे करता तेवढे झाले की नाही, एवढेच पाहायचे. निकाल वाईट लागला म्हणून दोष ठरत नाही. निदान चुकले म्हणूनही ठरत नाही. कळांत ठोके पडत असताना तासन् तास कोणी पाहिलेच नाही, सिझेरियन ठरल्यावर भूलतज्ज्ञाची वाट पाहण्यात बाळ गेले, फुगाच बंद होता, पिवळे पडलेले मूल रक्त न तपासता घरी पाठवले, असे काही कागदावर दिसावे लागते. किंवा कागदावर काहीच नसावे. कोऱ्या जागाही बोलतात. त्याच निकालाने असेही सांगितले की डॉक्टरवर फौजदारी खटला घोर निष्काळजीपणा असेल तरच चालवावा, आणि त्याआधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे. मृत्यू झाला असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेचे कलम १०६ लागते. डॉक्टरसाठी त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण फौजदारीने मुलाच्या औषधपाण्याचा खर्च निघत नाही. दवाखान्याच्या काचा फोडल्याने तर मुळीच नाही. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा होते, आणि ज्याचे मूल गेले तोच बाप आरोपी होतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली तर डॉक्टराला समज मिळू शकते, नोंदणी रद्दही होऊ शकते. पैसे मात्र मिळत नाहीत.

भरपाईसाठी सामान्य माणसाला झेपणारा दरवाजा ग्राहक आयोगाचा. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने ठरले. जेथे सर्वांनाच सेवा फुकट मिळते ती रुग्णालये त्यातून वगळली आहेत. पण काहींकडून पैसे घेऊन इतरांना फुकट तपासणारे रुग्णालय असेल, तर फुकटवालाही ग्राहकच. १९९८ च्या दुसऱ्या निकालाने सांगितले की मूल आणि त्याचे आईबाप दोघेही ग्राहक आहेत. मुलाला त्याच्या आयुष्याची आणि आईबापांना त्यांच्या यातनांची भरपाई वेगवेगळी मिळू शकते. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, पण दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे लेखी मत बहुधा लागते, आणि ते मिळवणे हेच या मार्गातले सर्वांत अवघड काम. मुदत दोन वर्षांची. येथे मुलांच्या बाबतीत मोठी गोम आहे : मेंदूची हानी मूल बसायला, चालायला लागण्याच्या वयात उघड होते, तोवर मुदत सरत आलेली असते. सबळ कारण दिले तर उशीर माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला मुदतीची सवलतही आहे. त्यावर विसंबून राहू नये. कागद जपण्याची मुदतही तीनच वर्षांची आहे हे आठवावे. म्हणून दावा लावायचा असो वा नसो, प्रती पहिल्या महिन्यातच आणून ठेवाव्यात. खर्चाची अडचण असेल तर तालुका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेत एक मूलभूत अन्याय आहे. दोन मुलांना अगदी सारखाच विकार आहे. एकाच्या बाबतीत डॉक्टरचा दोष निघाला आणि दुसऱ्याच्या बाबतीत निघाला नाही. पहिल्याला कदाचित लाखो मिळतील, दुसऱ्याला काही नाही. दोघांच्या आयांना उचलायचे ओझे मात्र तेवढेच. जपानने २००९ साली यावर वेगळी वाट काढली. बाळंतपणाशी संबंधित गंभीर मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला, ठराविक अटींत बसल्यास, कोणाचा दोष आहे हे न विचारता एकूण तीन कोटी येन मिळतात. काही आरंभी, उरलेले वीस वर्षे दरसाल. आणि प्रत्येक प्रकरणाचा अभ्यास करून तज्ज्ञ कारणांचा अहवाल देतात, तो आईबापांनाही मिळतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा राज्यांत १९८० च्या दशकाअखेरीपासून याच धर्तीच्या योजना आहेत. आपल्याकडे अशी योजना नाही.

जे आहे ते मात्र पुष्कळजण घेत नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, आणि आजारी तान्ह्या मुलाचा उपचार व ने-आण मोफत आहे. २०११ पासून ही योजना चालू आहे. वाढ मागे पडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र उपचार केंद्रे आहेत. बालवाडीत येणारे तपासणी पथक तेथे चिठ्ठी देते. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात मेंदूचा पक्षाघात स्पष्ट नावाने घातलेला आहे, आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर सवलती लागू होतात. दाखल्यासाठी संगणकावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात मुलाला न्यावे लागते. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असणाऱ्यांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेखाली वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, आणि त्यात व्यायामोपचाराचा खर्चही धरलेला आहे. यांपैकी कशासाठीही कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. आमच्या भाच्याचा दाखला दोन हेलपाट्यांत झाला. पहिल्या खेपेस जन्माच्या वेळचे कागद बरोबर नव्हते म्हणून परत पाठवले. दुसऱ्या खेपेस ते दाखवताच तपासणी झाली. ती फाईल आता ताईच्या कपाटात, त्याच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी ठेवलेली असते.